अनामत परत देण्याची तारीख करारात घाला

प्रति,
नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक,
महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,

पुण्याजवळच्या लवळे, नांदे, सूस, पिरंगुट, भूगाव या पट्ट्यात मी लीव्ह अँड लायसन्सचे करार ऑनलाइन नोंदवून देतो. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र पिशवीत घालून लोकांच्या घरी जायचं, घरमालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांची आधारवरून ओळख पटवायची, अंगठे घ्यायचे, फोटो काढायचे आणि नोंदणी झाली की कराराची प्रत दोघांच्या मोबाइलवर पाठवायची, हा माझा व्यवसाय. करार होतो त्या दिवशी चहा होतो, घरमालकीण बाई नव्या मुलींना पाण्याची वेळ, कचऱ्याची जागा समजावून सांगतात, सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असतं. मुदत संपली की त्याच दोन घरांमधून मला फोन येतात. भाडेकरू म्हणतो, डिपॉझिट देत नाहीत, तुम्ही करार केला होता ना, तुम्हीच सांगा आता. घरमालक म्हणतात, भिंती बघा येऊन एकदा. करारात बघायला गेलं तर त्यावर ठोस असं काही लिहिलेलंच नसतं. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि उघड, कारण ते घरमालकांनी आणि भाडेकरूंनीही वाचायला हवं.

लवळ्याची स्थिती आधी सांगतो. टेकडीवर सिंबायोसिस विद्यापीठाचा परिसर आणि रुग्णालय, गावाच्या हद्दीतच फ्लेम विद्यापीठ, पलीकडे पिरंगुट-उरवड्याचे कारखाने. २०२१ साली सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक पुणे महापालिकेत गेले, लवळ्याला मात्र ग्रामपंचायत आहे. विद्यार्थी बरेचसे वसतिगृहात राहतात. पण वसतिगृह नको असलेली मुलं, तरुण प्राध्यापक, नर्स, मेसमधले आचारी, सुरक्षारक्षक, कारखान्यातले कंत्राटी कामगार, या सगळ्यांना खोली लागते. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांनी कर्ज काढून दोन-तीन मजली इमारती बांधल्या, वन आरके काढले, आणि आज कित्येक घरांचा हप्ता भाड्यावर चालतो. यात वावगं काही नाही. शेती आटली तेव्हा या खोल्यांनी घरं सावरली.

एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो. बीड जिल्ह्यातून पिरंगुटच्या कारखान्यात आलेला एक मुलगा. खोलीचं भाडं ६,००० रुपये, अनामत तीन महिन्यांची, म्हणजे १८,०००. ती त्याच्या वडिलांनी गावाकडे उसने घेऊन पाठवलेली. अकरा महिने राहिला, भाडं एकदाही थकवलं नाही. जुलैमध्ये दुसरीकडे काम लागलं, महिनाभर आधी सांगून त्यानं खोली सोडली, चावी दिली. हिशेब त्याला मिळाला तो एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला, पेन्सिलीनं लिहिलेला: पेंटिंग ८,०००, साफसफाई १,५००, लाइट ९५०, इतर २,०००. म्हणजे हातात यायचे ५,५५०, आणि तेही ‘नवीन भाडेकरू आला की’. ‘इतर’ म्हणजे काय, हे त्यानं विचारलं. उत्तर मिळालं, किरकोळ बरंच असतं रे बाबा.

पुढच्या महिन्यात त्याच खोलीचा नवा करार करायला मीच गेलो. खिडकीखालच्या भिंतीचे पोपडे तसेच होते, खिळ्यांची भोकं तशीच, दाराच्या वर कॅलेंडरनं सोडलेला पांढरा चौकोन तसाच. रंगाचा एक हात कुठे लागलेला नव्हता. नव्या मुलाकडून १८,००० आले आणि त्यातले ५,५५० जुन्याला गेले. ८,००० रुपयांचा रंग कागदावर लागला होता, भिंतीवर नाही. आणि हा नवा मुलगा खोली सोडेल तेव्हा त्याच भिंतीचे पैसे त्याच्याकडूनही कापले जातील.

त्या भिंतीबद्दल आणखी सांगायला हवं. आमच्याकडे ताम्हिणी घाटाइतका नाही, तरी मुळशी तालुक्याचाच पाऊस. जूनअखेरपासून पश्चिमेच्या भिंती ओल धरतात, बांधकाम नवं आणि गिलावा पातळ असला की पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटतात. विद्यार्थी परीक्षा झाल्या की एप्रिल-मेमध्ये सामान हलवतात, हिशेब मात्र रेंगाळत पावसाळ्यात होतो. घरमालक खोली उघडून बघतात तेव्हा ओल चढलेली असते. ती गच्चीतून उतरलेली असते, बाहेरच्या भेगेतून आलेली असते, नळाच्या फुटक्या पाइपातून झिरपलेली असते. भाडेकरूचा तिच्याशी काही संबंध नसतो. तरी ‘पेंटिंग’ या एका शब्दाखाली ती त्याच्या अनामतीत बसते. आमच्या भागात तर नुकसान काही असो-नसो, एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापायचं, हा रिवाजच पडला आहे. एजंट करार होतानाच ‘एक महिना पेंटिंगचा जाईल’ असं तोंडी सांगून टाकतात. करारात ते नसतं.

केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळानं २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात ही गोष्ट स्वच्छ लिहिली आहे. घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घ्यायची नाही. ज्या दिवशी रिकाम्या जागेचा ताबा घ्याल त्याच दिवशी, देणं असेल ते वजा करून, ती परत करायची. कोणती दुरुस्ती कुणी करायची याची यादी जोडली आहे. वेगळं काही ठरलं नसेल तर भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं आणि मूळ वायरिंग घरमालकाकडे. नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी, बटणं-सॉकेट, गिझर, फुटलेल्या काचा भाडेकरूकडे. संसार केलेल्या कुणाही माणसाला पटावी अशी वाटणी आहे. पण भाडेकरार हा राज्याचा विषय, आणि महाराष्ट्रात आपला १९९९ चा भाडे नियंत्रण कायदाच चालतो. तो बदलणं विधिमंडळाच्या हाती आहे, तुमच्या नाही, हे मला कळतं. तुमच्या हाती जे आहे त्याबद्दलच मी लिहितो आहे.

तुमच्या विभागाच्या संकेतस्थळावर आम्ही जो करार भरतो, त्याची कलमं ठरीव आहेत. नावं, पत्ते, रक्कम, मुदत भरली की मसुदा तयार होतो. त्यात अनामत ‘बिनव्याजी, परत करावयाची’ म्हणून लिहिली जाते. कधी परत करायची, कशातून काय कापायचं, कापलं तर पावती द्यायची की नाही, याची ओळ त्या ठरीव मसुद्यात नाही. याच मसुद्यात ताब्याचं कलम मात्र अगदी चोख आहे: मुदत संपून भाडेकरू निघाला नाही, तर त्यानं दर दिवसाला दुप्पट भरपाई द्यायची. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ मध्येही दुपटीचीच तरतूद आहे, आणि ताबा मिळवण्यासाठी घरमालकाला दिवाणी कोर्टाचे खेटे पडू नयेत म्हणून सक्षम प्राधिकाऱ्यापुढे झटपट दाद मागण्याची सोयही केली आहे. ही तरतूद असावीच. ती आली म्हणून लोक निर्धास्तपणे घरं भाड्यानं देऊ लागले. पण भाडेकरू एक दिवस उशिरा निघाला तर दुप्पट, आणि घरमालकानं अनामत सहा महिने दाबून ठेवली तर काहीच नाही? एकाच कागदावर, एकाच शिक्क्याखाली, दोन माणसांच्या उशिराला दोन मापं लावलेली आहेत.

दुसरी गोष्ट तुमच्या मुद्रांकाची. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. ते काढताना एकूण भाडं धरतात आणि त्यात परत करायच्या अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांनी व्याज मिळवतात. समजा भाडं १०,००० आणि अनामत ३०,०००, तर अकरा महिन्यांचं भाडं १,१०,००० आणि अनामतीचं मानीव व्याज २,७५०, मिळून १,१२,७५० वर शुल्क. रक्कम किरकोळ आहे, तक्रार रकमेची नाही. शासन स्वतः मान्य करतं की घरमालकाच्या हाती पडलेल्या या पैशाला दहा टक्क्यांचं मोल आहे. त्या मोलावर शासनाला शुल्क मिळतं, घरमालकाला पैसा वापरायला मिळतो, आणि ज्याचा पैसा आहे त्याला मुद्दलासाठीही विनवण्या कराव्या लागतात. शुल्क काढताना जे व्याज खरं मानलं जातं, ते अनामत थकल्यावर खोटं कसं होतं?

अनामत बुडण्याचं मुळात कारण काय, याचा मी बराच विचार केला आहे. माझ्या पाहण्यात मुद्दाम फसवणारे घरमालक थोडे. बहुतेकांनी पैसे खर्च केलेले असतात. अनामत हातात येते त्या दिवशी ती बोअरला, बँकेच्या हप्त्याला, मुलाच्या फीला, घरातल्या कार्याला लागते. ती दुसऱ्याची ठेव आहे, हे अकरा महिन्यांत विसरायला होतं. मग भाडेकरू उठला की पैसे उभे करायचे कुठून? नव्या भाडेकरूच्या अनामतीतून. तो येईपर्यंत जुन्याचा फोन उचलायचा नाही. आणि मधल्या काळात भिंतीतली प्रत्येक रेघ मोठी दिसू लागते, कारण कापायला कारण हवं असतं.

आमच्याच भागात एक आजी आहेत. चार खोल्या आहेत त्यांच्या. प्रत्येक भाडेकरूची अनामत त्या बँकेत वेगळी ठेव करून ठेवतात आणि पावतीवर पेन्सिलीनं खोलीचा नंबर घालतात. खोली सोडायच्या दिवशी नातवाला घेऊन येतात, नळ सोडून बघतात, पंखा लावून बघतात, मीटरचा आकडा लिहून घेतात, चावी घेतात आणि तिथल्या तिथे नातवाकडून पैसे पाठवून देतात. लाइट बिलाचे अंदाजे पैसे ठेवून घेतात आणि बिल आलं की उरलेले परत करतात. त्यांच्या खोल्या कधी रिकाम्या राहत नाहीत. त्या हे करतात ते कायदा आहे म्हणून नव्हे. पण शेजारच्या इमारतीत हेच घडावं यासाठी आजींसारखी माणसं भेटण्याची वाट बघत बसता येत नाही, त्यासाठी कागदावर ओळ लागते.

घरमालकांचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. महावितरणचं मीटर मालकाच्या नावावर असतं. शेवटच्या महिन्याचं बिल भाडेकरू गेल्यावर येतं, उन्हाळ्यात मुलांनी कूलर-एसी रात्रंदिवस चालवलेला असतो, आणि तो आकडा बघून घरमालकाच्या पोटात गोळा येतो. काही मुलं शेवटचे दोन महिने भाडंच देत नाहीत, ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ म्हणतात. मग बिल आणि मोडतोड भागवायला घरमालकाकडे काही उरत नाही. मी अशी खोली पाहिली आहे जिच्या मोरीत सिगरेटची थोटकं आणि भात यांचा दगड झाला होता आणि प्लंबरनं फरशी फोडून ती मोकळी केली. तो खर्च भाडेकरूचाच. मुलं असं का वागतात, हेही मला माहीत आहे. आधीच्या खोलीत अनामत बुडालेली असते किंवा मित्राची बुडालेली असते, म्हणून या खेपेला ते आधीच वसूल करून घेतात. आणि त्यांच्या वागण्यानं पोळलेला घरमालक पुढच्या सरळ भाडेकरूवर राग काढतो. विश्वास दोन्हीकडून गेला आहे. तो परत यायचा तर आधी हिशेब लिहिला जायला हवा.

इंग्लंडमध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्यानं हा प्रश्न मुळातूनच हाताळला. तिथे एप्रिल २००७ पासून घरमालकाला अनामत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते, आज त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. केली नाही तर कोर्ट अनामतीच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला देववू शकतं, आणि कापण्यावरून वाद झाला तर योजनेतच तो विनाशुल्क मिटवता येतो. जर्मनीत घरमालकाला ती आपल्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि त्यावरचं व्याज भाडेकरूचं असतं. लवळ्यात शिकून परदेशी गेलेली मुलं तिथे पहिली खोली सोडतात तेव्हा कापलेल्या पै-पैचा हिशेब त्यांना मिळतो. इथे त्यांना लग्नपत्रिकेची मागची बाजू मिळाली होती.

एवढी मोठी यंत्रणा आज उभी करा, असं मी म्हणत नाही. मसुद्यात थोडी भर घाला. अनामत परत करण्याची तारीख हा भरावाच लागणारा रकाना करा. दोन्ही पक्षांनी ठरवावी, पण काहीच ठरवलं नाही तर ताबा घेतल्यापासून पंधरा दिवस, असं मसुद्यानं आपोआप धरावं. कापायची प्रत्येक रक्कम कशासाठी हे लेखी द्यावं लागेल आणि दुरुस्तीची पावती दाखवावी लागेल, एवढं एक वाक्य घाला. वेगळं काही लिहून ठरलं नसेल तर नेहमीच्या वापरानं मळलेल्या भिंतीचा आणि पावसानं आलेल्या ओलीचा रंग भाडेकरूच्या माथी नाही, हेही लिहा. आणि तारीख उलटली तर थकलेल्या रकमेवर व्याज, तुम्ही मुद्रांकासाठी धरता त्याच दहा टक्क्यांच्या दरानं. त्याहून जास्त मी मागत नाही.

फोटोंचंही बघा. आज आम्ही माणसांचे फोटो काढतो, खोलीचे नाही. आत जाण्याच्या दिवशी भिंती, मोरी, खिडक्या, मीटर यांचे फोटो करारासोबत जोडण्याची सोय झाली तर निम्मे वाद उभेच राहणार नाहीत, असं माझं अनुभवानं झालेलं मत आहे. कलम २४ च्या खुलाशानुसार लेखी करारात नमूद केलेल्या गोष्टी हा निर्णायक पुरावा मानला जातो. तो पुरावा आज फक्त भाडं, मुदत आणि ताबा याबद्दल बोलतो. भिंतीबद्दलही त्याला बोलता यायला हवं.

कोणी म्हणेल, ज्याची अनामत अडली त्यानं कोर्टात जावं. जाता येतं, मुदतीच्या कायद्यानं त्यासाठी तीन वर्षं आहेत. पण १२,००० रुपयांसाठी वकील कोण करणार, आणि बीडहून तारखेला कोण येणार? पोलिसांकडे गेलं तर ‘हा दिवाणी मामला आहे’ असं सांगतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधी तडजोडीचा अर्ज करता येतो, महिलांना तर उत्पन्नाची अटही न लागता तिथे मोफत मदत मिळते, पण हे सांगणारं कुणी मुलींच्या फ्लॅटपर्यंत पोचत नाही. म्हणून इथे सांगून ठेवतो.

आणि घरमालकांनाही एक गोष्ट इथेच सांगतो, कारण या पट्ट्यात अजून कित्येक करार नुसत्या नोटरीवर होतात. अकरा महिन्यांचा असला तरी लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, असं १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. नोटरीत वाचवलेले पैसे पुढे महाग पडतात.

महोदय, तुमचं कार्यालय पुण्यातच आहे, विधान भवनासमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत. मसुदा बदलायला नवा कायदा लागत नाही, समिती बसवावी लागत नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, पण येत्या जूनमध्ये या टेकडीच्या पायथ्याशी पुन्हा नव्या खोल्या भरतील आणि पुन्हा अनामती हातात पडतील. त्या करारांवर अंगठे घेण्याआधी अनामत परत देण्याची तारीख त्या कागदावर आलेली असावी, एवढी मागणी मान्य करा.

आपला,
लवळे परिसरात भाडेकरार नोंदवून देणारा एक